साहेब पाहुणे होऊन आले

आमच्या आजीला इसवी सन फारसं उपयोगी पडत नसे. तिची कालगणना साहेबांवर चालायची. पणजीचं लग्न कधी झालं असं विचारलं तर उत्तर यायचं, "ह्यूमसाहेबांच्या दुष्काळानंतर." वस्तीवरची विहीर कधीची? "फेअरबँकसाहेबांच्या वेळची. थोरले नव्हेत, त्यांचा मुलगा." राजे, गव्हर्नर, काँग्रेसचे अध्यक्ष यांना तिच्या पंचांगात जागा नव्हती. मिशनच्या बंगल्यात कोण राहत होतं, एवढ्यावर शंभर वर्षांचा इतिहास ती न चुकता लावून दाखवी. पुढे मी पुस्तकांशी ताडून पाहिलं, तेव्हा तिचा क्रम बहुतेक ठिकाणी बरोबर निघाला.

आम्ही नगरचे. आता कागदोपत्री अहिल्यानगर, पण घरात अजून नगरच. आजोबा नेवासे तालुक्यात मिशनच्या खेड्यातल्या शाळेवर मास्तर. आजी नगरच्या मुलींच्या बोर्डिंगात वाढली आणि पुढे तिथेच मेट्रन झाली. तिच्या गोष्टींत निम्मी माणसं अमेरिकेची असत आणि त्यांची नावं ती अशा सहजतेने घेई की लहानपणी मला वाटे, बॅलंटाईन हे राहुरीकडचं एखादं आडनाव असावं.

या माणसांचं येणं मोठं अवघड होतं. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट 1813 मध्ये मुंबईला उतरले तेव्हा कंपनी सरकार त्यांना परत पाठवायच्याच विचारात होतं. पुढे विलायतेत सनदेचा कायदा बदलला आणि त्यांचे पाय टिकले. हॉल 1826 मध्ये कॉलऱ्याने गेले. 1831 मध्ये नगरला ठाणं झालं आणि अमेरिकन मराठी मिशन म्हणजे नगर, असं समीकरण बसलं. सिंथिया फरार 1827 मध्ये मुंबईला आल्या. अमेरिकन बोर्ड या मिशनरी पाठवणाऱ्या संस्थेने परदेशी धाडलेल्या त्या पहिल्या अविवाहित बाई. त्यांची नगरची मुलींची शाळा जोतीराव फुल्यांनी पाहिली आणि सावित्रीबाईंनी त्यांच्याकडे अध्यापनाचे धडे घेतले, हे आता शाळकरी मुलांनाही ठाऊक असतं. फरारबाई 1862 मध्ये नगरलाच वारल्या. मिशनचं नियतकालिक 'ज्ञानोदय' निघालं तेही नगरहून, 1842 मध्ये.

पण आजीच्या गोष्टींत शाळा आणि छापखाने कमी, जाण्या-येण्याच्या गोष्टी जास्त. सुएझचा कालवा 1869 मध्ये खुला झाला. त्याआधी आफ्रिकेला वळसा घालून शिडाच्या जहाजाने महिनोन्‌महिने प्रवास. मायदेशी निघालेला माणूस पोचेलच याची खात्री नसे. रॉबर्ट विल्सन ह्यूम हे मुंबईचे मिशनरी 1854 मध्ये आजारी पडून सहकुटुंब परत निघाले आणि वाटेतच समुद्रावर वारले. हेन्री बॅलंटाईन यांनी नगरला हयात घालवली, मराठीत गीतं रचली, 'ज्ञानोदय' चालवला. 1865 मध्ये तेही घरी जाताना समुद्रावरच गेले. आजी सांगायची, "आमच्या लोकांनी त्यांना गाडीत बसवून निरोप दिला आणि नंतर कळलं, की साहेब पोचलेच नाहीत. माती द्यायलासुद्धा जमीन मिळाली नाही." हे तिने पाहिलेलं नव्हतं, तिच्या आजीनेही बहुधा नसावं. तरी सांगताना ती डोळ्यांना पदर लावी.

त्या ह्यूमांचा मुलगा रॉबर्ट ॲलन याचा जन्म 1847 चा, मुंबईचा. वडील गेले तेव्हा तो सात वर्षांचा. आईने सगळी मुलं अमेरिकेत वाढवली. तो शिकला आणि 1874 मध्ये बायकोला घेऊन परत आला. मिशनरी कुटुंबांच्या परतीचा विषय निघाला की मला हाच प्रवास आधी आठवतो. त्याचे आईबाप परदेशी आले होते, हा मात्र जन्मगावच्या मुलखाकडे परतत होता. त्याची बायको ॲबी बर्जेस. तिचे वडील एबेनेझर बर्जेस हेही आपल्याकडचेच जुने मिशनरी. इथे असतानाच त्यांनी आपल्या 'सूर्यसिद्धान्ता'चं इंग्रजी भाषांतर करायला घेतलं, ते परत गेल्यावर 1860 मध्ये प्रसिद्ध झालं. ॲबी गेल्यावर ह्यूमांनी दुसरं लग्न केलं ते केटी फेअरबँकशी, म्हणजे वडाळ्याच्या फेअरबँकांच्या मुलीशी. आणि त्या थोरल्या फेअरबँकांची दुसरी बायको बॅलंटाईनांची मुलगी. आजी ही सोयरीक सांगू लागली की आमच्या आत्या पदराआड हसत, कारण आमच्या नात्यातली लग्नंही अशीच एकमेकांत गुंतलेली. "साहेबलोकांतही घरच्या घरातच करतात म्हणायचं," असा एकीचा शेरा मला आठवतो.

वडाळा बहिरोबा हे नगर-औरंगाबाद रस्त्यावरचं गाव. त्या पट्ट्यात अजूनही 'वडाळा मिशन' म्हटलं की पुढे काही सांगावं लागत नाही. सॅम्युएल, म्हणजे थोरले फेअरबँक, तिथे राहिले. शेतीची अवजारं, बियाणं, शंख-शिंपले, पक्षी, सगळ्यात त्यांना रस. विश्रांतीसाठी ते दक्षिणेत पळणीच्या डोंगरांत जात. तिथे त्यांना सापडलेल्या एका पक्ष्याच्या शास्त्रीय नावात आजही 'फेअरबँकी' आहे. आमच्या घरी मात्र ते आठवले जात वेगळ्याच कारणासाठी. आजोबांचे आजोबा त्यांच्याबरोबर गावोगाव हिंडत, आणि कुठल्याशा गावात पाटलाने या आजोबांना चावडीच्या पायरीवर बसू दिलं नाही तेव्हा फेअरबँकही उभेच राहिले, अशी कथा. खरी असेल, घासून-पुसून चकचकीत झालेलीही असेल. नगर जिल्ह्यातल्या खेड्यांत ख्रिस्ती झालेले बहुसंख्य लोक महारवाड्या-मांगवाड्यांतले होते. चावडीसमोर साहेब आपल्यासाठी उभा राहिला, ही गोष्ट चार पिढ्या जपून ठेवावीशी वाटणं यात नवल नाही.

ह्यूमसाहेबांचा दुष्काळ म्हणजे 1896-97 आणि 1899-1900 हे दोन्ही मिळून एक. पणजी त्या दुष्काळातली. आईबाप गेल्यावर कुणीतरी तिला बैलगाडीत घालून नगरला आणलं. मिशनने अनाथ मुलांसाठी वसतिगृहं काढली होती आणि अमेरिकेतून येणाऱ्या पैशावर धान्य वाटलं जात होतं. या कामाबद्दल सरकारने ह्यूमांना कैसर-ए-हिंद पदक दिलं. पणजीच्या आठवणीत पदक नव्हतं. सकाळी सगळ्या मुली रांगेने जात्यावर बसत, आणि दळून झाल्याशिवाय कण्या मिळत नसत, हे होतं. "जगवलं त्यांनी," ती म्हणे, आणि लगेच पुढे, "पण दळून घेतलं."

पणजीच्या या दोन वाक्यांत मला मिशनचा पुरा हिशेब दिसतो. जगवलं हे खरं आणि दळून घेतलं हेही खरं. मिशनच्या अहवालात पहिलं वाक्य असतं. मिशनवर टीका करणाऱ्यांच्या लिखाणात दुसरं. दोन्ही एका दमात बोलणारी माणसं आमच्या घरांत होती आणि त्यांना कुणी विचारलं नाही.

बंगल्याचा विषयही तसाच. उंच जोतं, कौलारू, चहूबाजूंनी व्हरांडा. व्हरांड्यापर्यंत सगळ्यांना मुभा. दिवाणखान्यात पाळकसाहेब, फार तर मोठे मास्तर. बाकीच्यांची वाट स्वयंपाकघराच्या बाजूने. पगारातलं अंतर तर विचारूच नका. नारायण वामन टिळक 1895 मध्ये ख्रिस्ती झाले, नगरला राहिले, तिथल्या धर्मशिक्षणाच्या शाळेत शिकवलं, मराठी मंडळ्यांना गायला आपली गाणी दिली. त्या टिळकांनीही 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' हा स्वतंत्र ख्रिस्तभक्तांचा संघ काढला. साहेबाच्या पगारावर राहून हिंदी ख्रिस्ती माणूस स्वतःच्या पायावर उभा राहणार नाही, हे त्यांना पटलं होतं. 1919 मध्ये ते गेले. आजोबा टिळकांचं नाव काढताना हात जोडत आणि त्याच श्वासात म्हणत, "आम्हाला पोरं होती, आम्ही नाही सोडली."

स्वातंत्र्यानंतर बंगले हळूहळू रिकामे होत गेले. 1947 मध्ये डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी अहमदनगर कॉलेज काढलं आणि नगरच्या ख्रिस्ती माणसाने स्वतः उभारलेली मोठी संस्था म्हणून आमच्या लोकांची मान ताठ झाली. 1970 मध्ये नागपूरला उत्तर भारतातल्या अनेक मंडळ्या एक होऊन 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' झाली. तोवर अमेरिकन साहेब मोजकेच उरले होते. शेवटचे निघाले त्यांना स्टेशनवर हार घातले, फोटो काढले आणि दर नाताळात पत्रं येत राहिली.

त्यांतलंच एक जोडपं ऐंशीच्या दशकात परत आलं. मी तेव्हा शाळेत होतो. नावं सांगत नाही, त्यांची मुलं-नातवंडं कुठेकुठे आहेत. बाई बोर्डिंगवर देखरेख करत, म्हणजे आजीच्या वरच्या अधिकारी. साहेब खेड्यांतल्या शाळा बघत. दोघंही पंच्याहत्तरीच्या पुढे. बरोबर एक मुलगा, एक सून, दोन नातवंडं. पुण्याहून अँबॅसिडर करून आले. बंगल्यात तोवर ऑफिस झालं होतं. त्यांची सोय शहरातल्या हॉटेलात करायची असं पंचमंडळीने ठरवलं, पण पत्रातच बाईंनी लिहिलं होतं की आम्ही घरी उतरू. घर म्हणजे आमचं.

त्या आठवड्यात घरात काय धांदल उडाली! शाळेतून टेबल आलं, कुठूनसे काटे-चमचे आले, काकांनी संडासाला नवीन दार बसवलं. एवढं करून साहेब आल्या आल्या सतरंजीवर मांडी घालून बसले. उठताना मात्र दोघांनी धरावं लागलं. "सलाम, मास्तर," म्हणाले आणि मग सुटलेच. त्यांचं मराठी आमच्याहून जुनं होतं. आजोबांच्या पिढीचं, शिवाय थोडं बायबलचं. मुलाचं मात्र थेट नेवाशाचं. तो कंपाउंडात वाढला होता, सुट्टीत कोडाईकॅनलच्या शाळेतून आला की दिवसभर बटलरच्या मुलाबरोबर ओढ्यावर. तो बटलरचा मुलगा एसटीत ड्रायव्हर होता. ड्यूटी बदलून आला, आणि पन्नाशीला टेकलेले ते दोघे "आरं, लई जाड झालास की" असं एकमेकांना म्हणत अंगणात उभे राहिले. नातवंडं बापाकडे अशी बघत होती की हा कोण माणूस बोलतोय!

दुसऱ्या दिवशी मंडळी दफनभूमीत गेली. तिथे त्यांचं एक मूल होतं, तापाने गेलेलं. मिशनच्या जुन्या दफनभूमीत अशा लहान थडग्यांची ओळच असते. आजीने त्या थडग्यावरचं गवत दर ईस्टरला काढलं होतं, हे आम्हालाही तेव्हाच कळलं. बाईंना ते माहीत होतं. इतकी वर्षं पत्रांतून विचारत होत्या.

संध्याकाळी त्या दोघी ओसरीवर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसल्या. कोण गेलं, कुणाचं लग्न कुठे झालं, अमकीला नांदवलं का, असं चाललं होतं. मी जवळच अभ्यासाचं सोंग घेऊन. मध्येच आजी म्हणाली, "बाई, इतकी वर्षं मी तुमच्या बंगल्यावर आले, ती मागच्या दाराने. तुम्ही माझ्या घरी जेवायला पहिल्यांदाच आलात."

बाई म्हणाल्या, "तुम्ही कधी बोलावलं नाहीत."

"बोलवायची सोय होती का?"

त्यावर बाईंनी वाद घातला नाही. "नव्हती," म्हणाल्या आणि पुढची शेंग घेतली. रात्री जेवायला बाजरीची भाकरी, शेंगोळे, ठेचा. सुनेला ठेचा लागला, पाणी-पाणी झालं, सगळे हसले.

चुलत आजोबांचा प्रश्न इतका सौम्य नव्हता. 1929 नंतरच्या मंदीत अमेरिकेतून येणारा पैसा आटला. खेड्यांतल्या शाळा बंद झाल्या, मास्तरांचे पगार कापले गेले, काहींना घरी बसवलं. चुलत आजोबा त्यांपैकी. त्यांनी साहेबांना सरळ विचारलं, "आमचा पगार गेला तेव्हा बंगल्यावरची मोटार कशी राहिली?" काका कासावीस झाले. पाहुण्याला असं विचारतात का! साहेब जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "तेव्हा मी नव्हतो. पण असतो तर मीही मोटार ठेवली असती. आम्हाला वाटायचं, मोटारीशिवाय काम होणार नाही." चुलत आजोबांनी मान हलवली. "काम आम्ही पायी करत होतो," एवढंच बोलले. दुसऱ्या दिवशी त्या दोघांनी शेजारी बसून 'उपासना संगीता'तली टिळकांची गाणी म्हटली. साहेबांना पाठ होती, चुलत आजोबांना चष्मा लागला.

लोक म्हणतात, जुन्या मित्रांना भेटायला मिशनरी परत आले. मला वाटतं, मैत्री त्या आठवड्यात सुरू झाली. त्याआधी जे होतं त्यात माया होती, उपकार होते, निष्ठा होती, धाक होता. पण ज्याच्या सहीवर तुमचा पगार आणि तुमच्या मुलीची बोर्डिंगातली जागा अवलंबून असते, त्याला तुम्ही मित्र म्हणू शकत नाही, तो कितीही भला असो. सही करण्याचा अधिकार गेला, बंगला गेला, तेव्हाच आजीला मागच्या दाराबद्दल बोलता आलं. आणि बाईंनाही ते ऐकून घेता आलं, हे त्यांचं मोठेपण. सगळ्यांना जमलं असेल असं नाही. काही परत आले ते बंगल्याचे फोटो काढून, कुंपणाच्या पडझडीबद्दल हळहळून गेले.

अशा परतीच्या वाटा इतरांच्याही आहेत. वेंगुर्ल्याच्या मिशन दवाखान्यात डॉक्टर गोहीन होते. त्यांचा मुलगा रॉबर्ट तिथेच जन्मला, 1919 च्या 15 ऑगस्टला. हा कोकणात वाढलेला मुलगा पुढे प्रिन्स्टन विद्यापीठाचा अध्यक्ष झाला आणि 1977 ते 1980 अमेरिकेचा भारतातला राजदूत. 1977 च्याच फेब्रुवारीत राष्ट्रपती फखरुद्दीन अली अहमद यांच्या अंत्यविधीला अमेरिकेतर्फे लिलियन कार्टर आल्या, नव्या राष्ट्राध्यक्षांच्या आई. त्या मिशनरी नव्हेत, पण वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी पीस कोअरमधून येऊन विक्रोळीच्या दवाखान्यात त्यांनी काम केलं होतं. सरकारी शिष्टाचार आटोपून त्या विक्रोळीला जाऊन आल्या. अमेरिकन मराठी मिशनमधल्या जस्टिन ॲबट यांना परतायची गरजच पडली नाही असं म्हणावं लागेल. मिशनची नोकरी संपल्यावर ते न्यू जर्सीत जाऊन राहिले आणि 1932 मध्ये मृत्यू येईपर्यंत महिपती, तुकाराम, बहिणाबाई, एकनाथ इंग्रजीत नेत राहिले. धर्म बदलायला आलेला माणूस म्हातारपणी वारकऱ्यांच्या संगतीत रमला. यावर ख्रिस्ती मंडळींनी आणि वारकऱ्यांनी दोघांनीही आजवर पुरेसं लिहिलेलं नाही, ही माझी तक्रार आहे.

ते जोडपं पुन्हा आलं नाही. आधी साहेबांची बातमी आली, मग बाईंची. मुलगा अजून लिहितो. आता आमच्याच घरातली मुलं तिकडे आहेत, आणि माझी भाची त्यांच्या घरी थँक्सगिव्हिंगला जेवून आली, तीही पुढच्या दाराने.

अमेरिकन बोर्डाचे कागद हार्वर्डच्या हॉटन ग्रंथालयात जपून ठेवले आहेत. नगरहून, वडाळ्याहून, सोलापूरहून साहेबांनी लिहिलेली पत्रं, अहवाल, पै-पैचे हिशेब. संशोधक तिथे जाऊन ती वाचतात आणि आमच्याबद्दल लिहितात. त्या कागदांत मास्तर आहेत, बायबलबाया आहेत, पण साहेबांच्या अक्षरात. मागच्या दाराची हकिकत तिथे मिळणार नाही. ती सांगणारी पिढी आता नव्वदीत आहे. नगर, नेवासे, राहुरी, सोलापूर, वाई, मिरज, वेंगुर्ले इथे ज्यांच्या घरी असं कुणी असेल त्यांनी फोनवरचं रेकॉर्डिंग सुरू करून समोर बसावं आणि साहेब चांगले होते का, एवढं विचारून थांबू नये. बंगल्यात कुठून शिरत होता, हेही विचारावं. आणि माळ्यावर अमेरिकेची तिकिटं लावलेली पाकिटं किंवा 'ज्ञानोदया'चे जुने अंक असतील तर ते रद्दीवाल्याला देऊ नयेत.